मानेवरची बासुंदी

सकाळच्या गर्दीच्या लोकलला, बायकांच्या डब्यात, हल्ली पक्वान्नांचा वास येतो. कुणी काही खात नसतं. खाणार कशी? एक हात कडीला, दुसरा पर्सच्या चेनवर, आणि आपला पाय नेमका कुठे आहे याची खबर फक्त तो जिच्या पायावर पडलाय तिला. तरीही ठाण्याला कॅरॅमल चढतं, घाटकोपरला व्हॅनिला, कुर्ल्याला कुणीतरी भाजलेले बदाम घेऊन आत घुसतं, आणि दादर येईपर्यंत न खाता निघालेल्या बाईला भोवळ यावी इतका डबा गोड झालेला असतो.

मी नोकरीला लागले तेव्हा या डब्याला वास नव्हते असं नाही. चिकार होते. मोगऱ्याचे गजरे होते, टाल्कम पावडर होती, खोबरेल होतं, संध्याकाळच्या गाडीला मांडीवर मटार सोलणाऱ्या आणि मेथी निवडणाऱ्या बायका होत्या. पण त्यात शिस्त होती. फुलांनी अंगावर राहायचं, जेवणानं डब्यात राहायचं आणि डब्याचं झाकण घट्ट लावायचं. झाकण सैल निघून पर्समध्ये आमटी सांडली, तर ती बाई व्हीटीपर्यंत खाली मान घालून बसायची. आता बाया त्याच मानेवर बासुंदी लावून ऐटीत चढतात.

एकदा न राहवून शेजारच्या मुलीला विचारलं, "काय लावलंयस गं?"

"काकू, गूर्मां आहे."

"म्हणजे?"

तिनं क्षणभर विचार केला. "म्हणजे खाण्याचं. पण खायचं नाही." आणि भायखळ्याला उतरून गेली. पुढे मी या विषयात बरंच डोकं घातलं, पण याहून नेटकी व्याख्या मला सापडलेली नाही.

माझ्या आईला ही भानगड पटली नसती. तिचा अर्धा जन्म स्वयंपाकघराचा वास अंगावरून घालवण्यात गेला. लसूण सोलला की बोटांना लिंबाची फोड, सुके बोंबील भाजले की बेसन, मग साबण, मग हात नाकाशी नेऊन तपासणी, आणि नाक मुरडून पुन्हा साबण. एवढं करून पदराच्या टोकात फोडणी उरायचीच. हळदीकुंकवाला जायचं म्हणजे साडी बदलायची, आणि तिथे गेल्यावर कुणीतरी अत्तरदाणी घेऊन यायची, काडीनं मनगटाच्या मागे हिना नाहीतर मोगरा लावायची, गुलाबदाणीतून चार थेंब शिंपडायची. आई तो हात घरी येईपर्यंत कशाला लागू द्यायची नाही. अत्तर लावलेली बाई म्हणजे स्वयंपाकघरातून सुट्टी मिळालेली बाई, हे त्या काळी न सांगता कळायचं. आणि त्याच बाईची नात पगारातले हजारो रुपये मोजून अंगाला पाक करपल्याचा वास लावून घेते!

ही नात म्हणजे आमची लेक. परदेशी असते. गेल्या खेपेला आली ती माझ्यासाठी एक निळी चांदणी घेऊन आली. काचेची, पाच टोकांची, पर्समध्ये ठेवली तर सगळ्या बाजूंनी टोचेल अशी. मी अंमळ सढळ हातानंच मारली. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, साखर लागली बघ! कुणी टाकलाय पाक?" मी धावले. हे धावले. गॅसवर तुरीच्या डाळीचा कुकर होता आणि त्याची अजून शिट्टीसुद्धा झाली नव्हती. सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी. त्यांना टीव्ही ऐकू येत नाही, पेपर दिसत नाही, पण नाक अजून नोकरीत आहे. त्या नाकानं पॅरिसच्या अत्तरात जळती साखर एका झटक्यात ओळखली, आणि खरोखरच तिचा वास त्यात असतो.

त्या चांदणीचं नाव 'एंजल'. १९९२ साली ती पॅरिसात बाजारात आली आणि आज आमच्या डब्यात जे काही चढतं-उतरतं त्या सगळ्या गोतावळ्याची ती मूळ आजी. तिएरी म्युग्लेर नावाच्या फॅशनवाल्याची ही कल्पना. स्ट्रासबर्गचा हा माणूस तरुणपणी बॅले नाचायचा, मग कपड्यांकडे वळला. त्याच्या पोशाखांचे खांदे इतके रुंद असत की ते घालून आमच्या डब्यात शिरायचं तर बाईला आडवं वळावं लागलं असतं. अशा माणसाला आपल्या पहिल्या अत्तरात हवं काय होतं, तर लहानपणच्या जत्रेचा वास. जत्रेतला साखरेचा कापूस, चॉकलेट, कॅरॅमल. अत्तर बांधायला घेतलं ऑलिव्हिए क्रेस्पनं. हा ग्रासचा. ग्रास म्हणजे फ्रान्सच्या दक्षिणेकडची अत्तरवाल्यांची पंढरी. शेकडो वर्षं तिथे गुलाब आणि जाई पिकवून त्यांचा अर्क काढतात. त्या गावच्या पोरानं फुलं बाजूला सारून कापूसवाल्याची गाडी मध्यात आणून उभी केली. तिकडच्या जुन्याजाणत्यांना काय वाटलं असेल याची मला थोडी कल्पना आहे, कारण आमच्या सासूबाई अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेल्या नाहीत.

क्रेस्पच्या हाती जे अस्त्र होतं त्याचं नाव एथिल माल्टॉल. नाव औषधाचं वाटतं. प्रत्यक्षात पांढरे स्फटिक असतात. त्यांचा थोरला भाऊ माल्टॉल निसर्गात भेटतो. भाजलेल्या बार्लीत असतो, पावाच्या करकरीत कडेत असतो, लार्च नावाच्या थंडीतल्या झाडाच्या सालीतही असतो. एथिल माल्टॉल प्रयोगशाळेत जन्मलेला आणि थोरल्यापेक्षा कितीतरी पटींनी दांडगा. साखर वितळून तांबूस व्हायला लागते त्या क्षणाचा वास म्हणजे हा. अत्तरात यायच्या आधीपासून खाण्याच्या कारखान्यांत तो गोडाला गोडपणा चढवायला नोकरीला आहेच. म्हणजे मुलीच्या डब्यातला जॅम आणि मुलीच्या मानेवरचं अत्तर यांच्यात रक्ताचं नातं निघतं.

म्हाताऱ्या अत्तरांत गोड अजिबात नव्हतं असंही नाही. व्हॅनिलाच्या शेंगेतला वास, म्हणजे व्हॅनिलीन, टीमन आणि हार्मान या दोन जर्मनांनी १८७४ साली पाइनच्या झाडातल्या रसापासून बनवून दाखवला होता. १८८९ साली गेर्लां या पॅरिसच्या जुन्या पेढीनं तो 'जिकी'त वापरला. १९२५ साली त्याच पेढीचं 'शालिमार' आलं, त्यात एथिल व्हॅनिलीन, म्हणजे पुन्हा दांडगा धाकटा भाऊ. शालिमारच्या जाहिरातीला शाहजहान, मुमताज आणि त्यांची बाग जुंपली होती. बागेत गुलाब असतील, चिनार असतील, पण व्हॅनिला ही मेक्सिकोतली वेल. मोगलांच्या कुठल्याही बागेत ती चढलेली नव्हती. मुमताजबेगमच्या नावावर पॅरिसवाल्यांनी खपवलेलं हे पहिलं कस्टर्ड. मात्र या सगळ्यांत गोड पाठीमागे, पदराआड उभं असायचं. एंजलनं त्याला डोक्यावरचा पदर पाडून दिवाणखान्यात आणलं.

त्या बाटलीची आणखी एक गंमत मला फार आवडली. ती भरून मिळते. दुकानात अत्तराचं कारंजं म्हणून एक यंत्र ठेवत, तिथे रिकामी चांदणी न्यायची, भरून आणायची. एवढं उंची फ्रेंच अत्तर, आणि रीत आपली किटली घेऊन वाण्याकडे गोडंतेल आणायला जायची! फक्त वाणी "मागची उधारी?" असं विचारायचा, ते फ्रान्समध्ये बहुधा विचारत नसावेत.

आता मुख्य कारागिरी. नुसत्या साखरेच्या कापसानं जग जिंकता आलं असतं तर प्रत्येक जत्रेबाहेर एक करोडपती उभा असता. माझ्या लेकीनं आणलेली चांदणी मारून पाव तास थांबा, साखरेखालून एक वेगळंच काहीतरी वर येतं. ओलसर, मातकट, थोडं कापराकडे झुकणारं, जुन्या लाकडी कपाटाचं. ते पचौलीचं तेल. क्रेस्पनं ते भरपूर ओतलं आणि म्हणूनच ते गोड घशाशी येत नाही. पुरणात चिमूटभर मीठ का घालतात हे जिला ठाऊक आहे तिला हे अत्तर निम्मं समजलं. उरलेलं निम्मं समजायला नाक कोकणात न्यावं लागेल. आमच्या आजोळी परसात मरवा, दवणा आणि पाच अशी तिघं शेजारी नांदायची. आजी गजरा करताना अबोलीत, अबोलीला स्वतःचा वास नाही म्हणून, मधे मधे पाचीची पानं ओवायची. ही पाच पचौलीच्याच कुळातली. युरोपात हा वास पोचला तोही आपल्याच मालाबरोबर. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली बोटीवर चढायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांत पचौलीची सुकी पानं घालत. तिकडच्या बायकांना त्या वासाची इतकी सवय झाली की शालीला तो येत नसेल तर शाल अस्सल नाही असं त्या धरून चालत. मग तिकडचे नकली शालवाले पचौलीच्या शोधात लागले, हे ओघानं आलंच. आज बहुतेक पचौली इंडोनेशियातून येते. पण वास नाकाशी धरला की मला आजीच्या परसातलं शेणानं सारवलेलं अंगण आठवतं आणि त्या अंगणात कुणीतरी कॅरॅमलचं कस्टर्ड सांडलंय असं वाटतं. हे वर्णन त्यांच्या जाहिरातीत चालणार नाही, पण बाटलीत आहे ते हेच.

सासूबाईंचा आक्षेप नैतिक होता. "खायच्या वस्तू अंगाला चोपडायच्या? अन्नाला काही मान आहे की नाही?" मी म्हटलं, "आई, दिवाळीला उटण्यात काय असतं?" त्या गप्प. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण सून म्हणून इतकी वर्षं काढल्यावर अशी संधी सुटत नाही. बेसन, हळद, दही, मसुराचं पीठ, दुधावरची साय, लिंबू. आपल्याकडे बाईच्या चेहऱ्याला न लावलेली एक भाकरीच तेवढी उरली आहे. त्या म्हणाल्या, "ते धुऊन टाकतो." मुद्दा बिनतोड होता. आम्ही बरोबरीत सोडवलं.

पण त्यांच्या बोलण्यानं माझ्या डोक्यात एक किडा सोडला. फ्रेंचांनी १९९२ साली खाणं अंगाला लावलं म्हणून क्रांती झाली. आपण कित्येक पिढ्या याच्या उलट करत आलोय आणि कुणी आपल्याला क्रांतिकारक म्हटलेलं नाही. आपण अत्तर खातो! गुलाबपाणी पाहुण्याच्या अंगावर शिंपडायचं आणि तेच गुलाबजामच्या पाकात ओतायचं. केवडा गणपतीला वाहायचा आणि केवड्याचं पाणी रसमलाईत. केशर, वेलची, जायफळ तर विचारूच नका. श्रीखंड म्हणजे पानात वाढलेली अत्तरदाणीच, फक्त पुरी लावून खायची. वर पुन्हा जेवण झाल्यावर तोंडाला वास यावा म्हणून विडा: त्यात गुलकंद, लवंग, वेलची, कापूर, आणि हे सगळं गिळायचं. आपल्या अंगाचे वास मात्र कायम फुलांचे, मुळांचे, लाकडांचे, मातीचे. मोगरा, वाळा, चंदन. कनौजचे अत्तरवाले तर भाजलेल्या मातीतून पहिल्या पावसाचा वास काढतात. खाण्यात फुलं आणि अंगावर मुळं, असा उलटा संसार मांडलेल्या देशात हे फ्रेंच कॅरॅमल आलं आणि आमच्या डब्यातल्या मुलींनी ते एका हंगामात आपलंसं केलं. एवढ्या चटकन का केलं असावं?

पैसे हे एक कारण आहेच. आता मूळ बाटल्या घ्यायलाच हव्यात असं राहिलेलं नाही. 'बॅकरा रूज ५४०' म्हणून एक आहे. बॅकरा या फ्रेंच काचकारखान्याला अडीचशे वर्षं झाली म्हणून फ्रान्सिस कुर्कजियाँनं ते केलं. त्यात केशर आणि जळकी साखर. ५४० हा लाल काच रंगाला येते त्या तापमानाचा आकडा, पण किंमत ऐकून माणसाचं तापमानही तिथवर जातं. तर त्याच वळणाची अत्तरं आता अमिरातीतून येतात, ऑनलाइन मिळतात, आणि त्यांच्या बाटल्या मूळ बाटल्यांहून जड आणि नक्षीदार असतात. त्यातलं 'खमराह' माझ्या धाकट्या जावेकडे आहे. २०२२ सालचं. खजूर, दालचिनी, भाजलेला सुकामेवा. ती ते लावून आली की माझ्या डोळ्यांपुढे बाळंतिणीचे लाडू येतात, आणि तसं बोलून दाखवल्यापासून ती माझ्याकडे ते लावून येत नाही.

पण पैसा हे काही प्रेमाचं कारण नव्हे. खरं कारण मला गौरी-जेवणाच्या आदल्या दुपारी बासुंदी आटवताना सापडलं.

बासुंदी आटवणं म्हणजे काय, हे आयती खाणाऱ्यांना कळणार नाही. जाड बुडाचं पातेलं, मंद आच, आणि आपण झाऱ्यासकट त्याच्यासमोर जखडलेले. साय वर येते, ती कडेला सारायची. पुन्हा येते, पुन्हा सारायची. कडेची खरवडून आत ढकलायची. दूध तळाला लागलं की संपलं, म्हणून तळ खरडत राहायचं. हळूहळू पांढऱ्याचं पिवळसर होतं, मग गुलाबीकडे झुकतं. साखर पडते, ते परत पातळ होतं आणि आपला जीव घाबरा होतो. वेलची, जायफळ, केशर. हे सगळं होत असताना त्या पातेल्यातून जगातला सर्वोत्तम वास निघत असतो, आणि तो मला अजिबात येत नव्हता. कणभरही नाही. मला घाम येत होता, खांदा दुखत होता, एक डास चावत होता. वास तेवढा येत नव्हता. तेवढ्यात शेजारची कुरियर द्यायला आली आणि दारातच डोळे मिटून उभी राहिली. "काय वास सुटलाय हो! जिन्यापासून येतोय."

यात माझ्या नाकाचा दोष नाही, सगळ्यांची नाकं अशीच घडवलेली आहेत. एकच वास सतत येत राहिला की थोड्याच वेळात नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. नवीन धोका, नवीन बातमी कळावी म्हणून ही सोय. कारखान्यात काम करणाऱ्याला कारखान्याचा वास येत नाही, कोळणीला मासळीचा येत नाही, आणि बासुंदी करणारीला बासुंदीचा. ज्यानं काहीच केलेलं नसतं, जो नुसता दारात येऊन उभा राहतो, त्याच्या वाट्याला तो वास पुरा जातो. आजवरच्या सगळ्या सणांचे वास पाहुण्यांनी आणि घरातल्या पुरुषांनी घेतले. आम्हाला वास आठवतात ते आमच्या माहेरचे, आम्ही लहान असतानाचे, जेव्हा झारा दुसऱ्या कुणाच्या हातात होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती डब्यातली मुलगी काही स्वयंपाकघर अंगावर घेऊन फिरत नाही. माझ्या आईनं जे घासघासून काढलं ती फोडणी होती, तिनं स्वतः केलेली. ही मानेवर लावते ते दुसऱ्या कुणीतरी केलेलं गोड. पातेलं घासायचं नाही, दूध उतू जायचं नाही, "जरा पातळ झाली नाही का?" असं विचारणारं कुणी नाही. सकाळी सातला पोळ्या लाटून, डबे भरून, पळत गाडी पकडलेल्या बाईला दिवसभर असं वाटत राहतं की आसपास कुठेतरी कुणीतरी तिच्यासाठी काहीतरी करतंय, आणि थोड्या वेळानं हाक मारील. या भावनेचे हजारो रुपये पडत असतील तर मी म्हणते पडू देत. आम्ही त्याहून जास्त रुपये त्या सोफ्यावर घालवले, ज्याच्यावर बसायला कुणाला वेळ नाही.

अर्थात नाकाची ही सवय इथेही आडवी येतेच. लावणारीला तिचंच अत्तर अर्ध्या तासात येईनासं होतं. तिला वाटतं उडून गेलं. ती ऑफिसच्या स्वच्छतागृहात जाऊन आणखी मारते. तिच्या शेजारच्या टेबलवाल्याला ते पहिल्या खेपेचंच अजून येत असतं. आमच्या ऑफिसात जेवणानंतर लिफ्टमध्ये शिरलं तर तिसऱ्या मजल्यापर्यंत भूक मरते. दुकानात म्हणे कॉफीच्या बियांची वाटी ठेवतात, नाक ताजं करायला. मीही हुंगल्या आहेत, तोंडावर जाणकाराचा भाव आणून. त्यानं विशेष काही होत नाही. साध्या हवेत दोन श्वास घेतले तरी तेवढंच काम होतं. पण मॉलमध्ये साधी हवा कुठून आणणार? त्या दुकानातल्या मुली मात्र भल्या असतात. मी काही घेणार नाही हे माझ्या चपलांवरून ओळखून सुद्धा त्या कागदाच्या पट्ट्यांवर फवारे मारून हातात देतात. माझ्या पर्समध्ये अशा पट्ट्यांचा एक पुडका साठलाय. त्यातल्या एंजलच्या पट्टीचा वास दिवसचे दिवस टिकतो. आणि ती पट्टी आमच्या ह्यांच्या हाती लागली.

ह्यांची साखर काठावर आहे. काठाच्या कुठल्या बाजूला, हे तीन महिन्यांनी एकदा कळतं. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून घरातून साखरेचा डबा सासूबाईंच्या कपाटात हलला आणि किल्ली त्यांच्या कनवटीला. हे बिनसाखरेचा चहा पितात. पितात म्हणजे घोटभर घेऊन खिडकीतून बाहेर बघत बसतात. एके दिवशी चहा टेबलावर, शेजारी माझी उघडी पर्स. घोट घेतला आणि म्हणाले, "आज साखर घातलीस का गं?"

घातली नव्हती. पण हे त्यांच्या मनाचे खेळही नव्हते. गोड ही चव जिभेची, नाकाला गोड कळत नाही. व्हॅनिलाच्या अर्काचा थेंब जिभेवर टाकून बघा, कडूजार लागतो. तरी आपण त्या वासाला गोड म्हणतो, कारण तो जन्मभर साखरेच्या सोबतीनं भेटलाय. ऑस्ट्रेलियात रिचर्ड स्टीव्हन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात याचे प्रयोग केले. लोकांना फारसे ओळखीचे नसलेले वास घेतले, लिची आणि शिंगाड्याचे (तो चिनी जेवणातला शिंगाडा, आपल्या एकादशीवाल्याशी त्याची सोयरीक नाही), आणि साखरपाण्यात मिसळून पाजले. काही घोटांनंतर लोकांना तो नुसता वाससुद्धा आधीपेक्षा गोड येऊ लागला. उलट बाजूही खरी: गोड वास नाकाशी असला तर जिभेला आहे ती साखर जास्त वाटते. मी हे ह्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पट्टी उचलली आणि बशीखाली सारली.

तेव्हापासून ती पट्टी त्यांचीच. सकाळी बशीखाली, दुपारी पेपरात खुणेला, संध्याकाळी चष्म्याच्या घरात. कारल्याची भाजी असली की पानाशेजारी, मिठाच्या वरच्या अंगाला. बाहेर जाताना शर्टाच्या खिशात. सासूबाईंनी एकदा कपाटाची कुलपं तपासली आणि मुलाला तोंड उघडायला लावून आत बघितलं.

परवा तीन महिन्यांची तपासणी होती. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून सकाळी चहाही न घेता दोघं लॅबमध्ये गेलो. आत गेल्यावर ह्यांनी बाही वर केली. रक्त घेणारी मुलगी वाकली, दंडाला पट्टा बांधता बांधता थांबली, आणि ह्यांच्याकडे संशयानं बघायला लागली.

"काका, नक्की उपाशी आहात ना?"

"काल रात्री आठपासून. पाणीसुद्धा नाही."

"खरं सांगा. रिपोर्टमध्ये कळतंच."

"अहो बाई, शप्पथ!"

तिनं दुसरीला बोलावलं. दुसरीनं अंतर राखून वास घेतला आणि म्हणाली, "जिलबी." पहिली म्हणाली, "नाही गं, केक." ह्यांनी मुकाट्यानं खिशातून पट्टी काढून ट्रेमध्ये सुईशेजारी ठेवली. दोघींनी ती आळीपाळीनं नाकाशी धरली. बाहेर टोकन पुकारणं थांबलं होतं, कुणीतरी दार ढकलून आत डोकावून गेलं. मग पहिलीनं ह्यांचं रक्त घेतलं, बोळा दाबून धरायला सांगितलं, आणि लेबल चिकटवण्याआधी पेननं स्वतःच्या तळहातावर नाव लिहून घेतलं. "काकू, स्पेलिंग सांगा ना. आणि यातलं छोटं मिळतं का हो, पन्नास मिलीच्या खालचं?"